आकाशाचा सातबारा कुणाच्या नावावर?

दोस्तांनो, खिशातल्या मोबाईलने आपण काय काय करतो? मोर्चा निघाला की मोर्चाचा व्हिडिओ. काठी उगारली गेली की काठीचा. रेशनवाल्याच्या काट्यात खोट दिसली की काट्याचा. जयंतीला नाचलो की नाचाचा. आणि स्वतःच्या थोबाडाचे तर किती, त्याला हिशेबच नाही. याला कुणी हरकत घेत नाही. पण याच मोबाईलचं भिंग दुर्बिणीच्या आयपीसवर टेकवलं आणि चंद्रावरच्या खड्ड्याचा फोटो काढला, की दोन तऱ्हेची माणसं अंगावर येतात.

पहिला आपलाच. कार्यकर्ता. तो म्हणतो, "वस्तीत नळाला पाणी नाही, संडासाला दार नाही, आणि तू गुरूचे चंद्र मोजत बसतोस? हे पांढरपेशांचे चोचले आहेत." दुसरा पांढरपेशाच. दुर्बीण लाखाची, कॅमेरा लाखाचा, शनिवारी रात्री गाडी काढून वांगणी-नेरळच्या अंधारात जाणारा. तो आपल्या फोटोकडे बघून हसतो आणि म्हणतो, "छान आहे, पण याला ॲस्ट्रोफोटोग्राफी म्हणत नाहीत हं." गंमत बघा. एक झोपडीतून बोलतो, एक बंगल्यातून बोलतो, आणि दोघांचं म्हणणं एकच निघतं. हे तुझं काम नाही.

मी दोघांशी भांडणार आहे. आधी आपल्या माणसाशी, कारण त्याच्याशी भांडायचा हक्क मोठा.

अरे बाबा, पाणी की आकाश अशी निवड तुझ्यापुढे कुणी टाकली? ज्याच्या घरी चोवीस तास पाणी आहे त्याला कुणी विचारतं का, की तू दुर्बीण कशाला घेतलीस? आपल्यालाच का विचारायचं? आणि आकाशाशी आपला संबंध नाही म्हणतोस, तर मग आपल्याच गल्लीत पोराच्या लग्नाला मुहूर्त कोण काढतो? पोरीला मंगळ आहे म्हणून चांगलं स्थळ मोडलं, ते काय पाण्याच्या टाकीने मोडलं? शनिवारी मारुतीच्या देवळापुढे तेलाच्या बाटल्या घेऊन रांग लागते, त्या रांगेत आपली माणसं नसतात असं छातीवर हात ठेवून सांग. आकाश आपल्या घरात कधीचं घुसलेलं आहे. फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून घुसलं. आपण मान वर करून बघितलंच नाही.

शनीचंच घे. साडेसाती म्हणजे काय? शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत ती वाटली की एका राशीला अडीच वर्षांच्या आसपास येतात. तुझी रास, तिच्या आधीची आणि नंतरची, मिळून तीन. तीन गुणिले अडीच, साडेसात. एवढा हिशेब खरा आहे, शाळेतल्या पोराला करता येतो. त्याच्यापुढचं सगळं दुकान आहे. आमच्या गल्लीत एका माणसाने शनीच्या शांतीसाठी कर्ज काढलं. त्याला मी दुर्बिणीतून शनी दाखवला. मग मोबाईल लावून फोटो काढला आणि त्याच्याच फोनवर पाठवला. इवलासा ठिपका, त्याला कडं. पोरं म्हणाली, अंड्याला बांगडी घातलीय. तो माणूस बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढासाच हाय व्हय?" त्याचं कर्ज फिटलं नाही. पण ते शब्द त्याचे स्वतःचे होते, कुणी शिकवलेले नव्हते.

आता तू म्हणशील फोटोची काय गरज, नुसतं डोळ्याने दाखवलं तरी भागलं असतं. नाही भागत. का नाही भागत ते पुढे येईल.

आधी यंत्राची गोष्ट. कारण आपल्याकडे भाषणं फार होतात, स्क्रू कुठला पिळायचा ते कुणी सांगत नाही.

आमच्याकडे आहे ती जुन्या बाजारातून घेतलेली ११४ मिलिमीटर आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. तिला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ९०० भागिले २५, म्हणजे ३६ पट मोठं दिसतं. अख्खा चंद्र मावतो आणि बाजूला जागा उरते. १० मिलिमीटरचा लावला की ९० पट, मग चंद्र कसाबसा मावतो. सुरुवात २५ नेच कर. त्याच्या मागून जो प्रकाशाचा गोल बाहेर येतो तो जरा मोठा असतो, मोबाईलचं बारकं भिंग त्याच्यावर बसवायला सोपं जातं. भिंग जरा बाजूला सरकलं की अर्धं चित्र काळं. जास्त जवळ गेलं तरी काळं, लांब गेलं की चंद्र नळीच्या टोकाला दिसल्यासारखा. ती नेमकी जागा हाताने सापडते, पण हाताने टिकत नाही. हात थरथरतो, म्हणून बाजारात क्लॅम्प मिळतो.

क्लॅम्पला पैसे नसतील तर प्लंबरच्या दुकानात जा. आयपीस सोबत ने आणि त्याच्यावर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाईपचा दोन-तीन इंचाचा तुकडा माग. फोनचं जुनं मागचं कव्हर घे, कॅमेऱ्याच्या भोकाभोवती तो तुकडा नीट मध्यभागी धर आणि एम-सीलने चिकटव. एक रात्र वाळू दे. नळी आतून काळी रंगव, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत खेळतो. झालं. आमचं यंत्र असंच आहे. दिसायला भंगार आहे, कबूल. पण त्याच्यातून टायको दिसतो, ८५ किलोमीटर रुंदीचं विवर, आणि पौर्णिमेच्या सुमारास त्याच्यातून चारी दिशांना निघालेले पांढरे पट्टे. ज्याला भंगार म्हणायचं त्याने म्हणावं. आपल्या बापजाद्यांनी भंगारातच आयुष्य काढलं, त्यातलं काय उपयोगाचं ते आपल्याला कळतं.

फोनचा मुख्य कॅमेराच वापर. हल्लीच्या फोनला मागे तीन-तीन डोळे असतात, त्यातला रुंद दाखवणारा आणि लांबचा ओढणारा नको. झूम नको. फ्लॅश बंद, नाहीतर चंद्राला बॅटरी दाखवल्यासारखं होईल. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून उजेड कमी कर. दोन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का फोटोत येत नाही. मोटार नसलेल्या दुर्बिणीत चंद्र एका जागी थांबत नाही. पृथ्वी फिरते, आणि दर दोन मिनिटांनी चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. पोरांना पृथ्वी फिरते हे पुस्तकातून पटत नाही, इथे पटतं. "दादा, चंद्र पळाला!" चंद्र नाही पळाला, तू पळालास, मी पळालो, ही अख्खी चाळ पळाली.

उजेड कमी कर म्हणालो त्याचं कारण मजेशीर आहे. फोनला वाटतं रात्र आहे, अंधार आहे, म्हणून तो जास्त वेळ भिंग उघडं ठेवतो आणि चंद्राचा पांढरा लाडू होतो. पण चंद्रावर रात्र कुठे आहे? जो भाग आपल्याला दिसतो तिथे दिवस आहे, भर उन्हातला दगड आहे तो. आणि दगड तरी कसा? अंगावर पडलेल्या प्रकाशातला शंभरातला बाराएक हिस्सा तो परत फेकतो, बाकी गिळतो. म्हणजे आपला जुना झालेला डांबरी रस्ता असतो तसा. चंद्र काळा आहे मित्रांनो. गोऱ्या पोरींना चंद्रमुखी म्हणत म्हणत कवींनी पिढ्या घालवल्या आणि चंद्र निघाला आपल्या रंगाचा! काळ्या आकाशापुढे उभा आहे म्हणून उजळ दिसतो इतकंच.

आणखी एक. पौर्णिमेला फोटो काढू नको. सगळे पौर्णिमेलाच धावतात. त्या दिवशी ऊन समोरून पडतं, सावली नसते, सगळं सपाट. अर्ध्या चंद्राच्या आसपास काढ. उजेड-अंधाराची जी रेघ असते ना, तिथे सूर्य नुकताच उगवत असतो किंवा मावळत असतो. खड्ड्यांच्या कडा उन्हात आणि तळ अंधारात. कोपर्निकस, ९३ किलोमीटर. क्लेवियस, दोनशेच्या वर. डोंगरांच्या सावल्या लांब पडलेल्या. खोली कळते ती सावलीवरून.

ग्रहांचं काम वेगळं. गुरूचा एक फोटो काढून काही हाती येत नाही. उजेड वाढवला तर चार चंद्र येतात आणि गुरू नुसता पांढरा. उजेड उतरवला तर गुरूवरचे दोन पट्टे येतात आणि चंद्र गायब. दोन फोटो घ्यायचे. किंवा मिनिटभराचा व्हिडिओ. सेकंदाला ३० चित्रं धरली तर मिनिटाला १८००. ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते त्यातली चांगली चित्रं निवडतं आणि एकावर एक रचून एक स्वच्छ चित्र देतं. हवा सारखी हलत असते, मधेच एखादा क्षण शांत होते, त्या शांत क्षणांची ही गोळाबेरीज. आणि हवा कुणाची जास्त हलते? आमची. दिवसभर तापलेले पत्रे रात्रभर ऊब सोडतात, पत्र्यांवरून गुरू पाहिला तर उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा दिसतो. समुद्राकाठच्या टॉवरच्या गच्चीवर तो शांत असणार. हवेतसुद्धा वर्ग आहे! मग आम्ही काय करतो, ग्रह पत्र्यांवरून वर चढू देतो, डोक्यावर येऊ देतो, मध्यरात्र होऊ देतो. झोपेचं खोबरं होतं खरं.

आणि हे नीट ऐक, इथे चेष्टा नाही. सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही. फोन लावूनही नाही. दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या बाजूला, सूर्यासाठी बनवलेला खास फिल्टर घट्ट बसवलेला असेल तरच, आणि तोही जाणत्या माणसाने तपासलेला. एक्स-रेची फिल्म, काजळी लावलेली काच, गॉगल हे काही चालत नाही. फोनचा सेन्सर जळेल तो जळेल, पण फोन काढता काढता कुणीतरी डोळा लावतो आणि डोळा कायमचा जातो. पोरं आजूबाजूला असताना दुर्बीण दिवसा उघडीच ठेवू नका.

आता दुसऱ्या माणसाकडे वळतो. लाखवाल्याकडे.

एका आकाशदर्शनाच्या रात्री आम्ही चौघं पैसे भरून गेलो होतो. कुणाचा कार्यक्रम ते सांगत नाही. आमचं पीव्हीसीवालं यंत्र बघून एका गृहस्थाने बाकीच्यांना बोलावून दाखवलं, जत्रेत दोन तोंडाचं वासरू दाखवतात तसं. मग आडनावं विचारली. आकाशगंगा डोक्यावर, आणि खाली आडनावं! मी आडनाव सांगितलं, पूर्ण आणि मोठ्याने. त्यानंतर त्याने आमच्याशी इंग्रजीतच बोलायला सुरुवात केली.

या लोकांचं तांत्रिक म्हणणं खोटं नाही, हे मी मान्य करतो. दूरच्या तेजोमेघाचं, दीर्घिकेचं छायाचित्र काढायचं तर तासन्‌तास प्रकाश गोळा करावा लागतो, आकाशाबरोबर फिरणारी मोटार लागते, अंधार लागतो. मुंबईतून आकाशगंगा दिसत नाही. हे फोनचं काम नाही. पण चंद्र आणि ग्रह? त्यांना शहराच्या दिव्यांचा फारसा फरक पडत नाही. ते इतके तेजस्वी आहेत की नाक्यावरच्या हॅलोजनखालीसुद्धा दिसतात. धारावीतून शनीचं कडं दिसतं, पवईतूनही तेच कडं दिसतं. इथे यांची मक्तेदारी चालत नाही म्हणून यांचा जीव खालीवर होतो. ॲस्ट्रोफोटोग्राफी हा शब्द त्यांना ठेवायचा असेल तर ठेवू दे. आम्ही फोटो म्हणू.

आणि इतिहास काढायचाच तर काढू. चंद्राच्या पहिल्या छायाचित्रांपैकी एक जॉन विल्यम ड्रेपर नावाच्या माणसाने १८४० साली न्यूयॉर्कमध्ये काढलं. चांदीच्या पत्र्यावर, वीस मिनिटं उघडं ठेवून. आज तुझ्या फोनला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले ती दुर्बीण आजच्या ७० मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीपुढे काहीच नव्हती. त्याने काय केलं? रोज रात्री कागदावर ठिपके काढले. आज इकडे तीन, उद्या तिकडे दोन. फोटो नव्हता म्हणून हाताने काढले. हातात पुरावा हवा होता. कारण समोर जे होते ते म्हणत होते, हे ग्रंथात नाही.

अमेरिकेतला जॉन डॉब्सन तर आपलाच वाटावा असा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्ताच्या मठात साधू होता. दुर्बिणी बनवायचा वेड लागलं. जहाजाच्या जाड खिडकीची काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची बैठक. बनवायचा आणि रस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. या नादापायी १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. १९६८ साली त्याने आणि पोरांनी मिळून फूटपाथवरच्या खगोलवाल्यांची संघटना काढली. त्याच्या रचनेची दुर्बीण आज जगभर डॉब्सोनियन म्हणून विकली जाते, त्याने पेटंट घेतलं नाही. २०१४ साली वारला, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. मठाला जे नको होतं ते फूटपाथने घेतलं.

आपल्याकडे मेघनाद साहा. १८९३ चा जन्म, ढाक्याजवळचं खेडं, बाप किराणा विकणारा, जात खालची. कलकत्त्याला शिकायला आला तर वसतिगृहात वरच्या जातीच्या मुलांनी पंगतीला बसू दिलं नाही. त्याच साहाने १९२० साली ते समीकरण मांडलं ज्याच्या जोरावर ताऱ्याच्या प्रकाशावरून ताऱ्याचं तापमान वाचता येऊ लागलं. पंगतीत जागा नव्हती, ताऱ्यांत घुसला! पुढे १९५२ साली सरकारने पंचांग सुधारायची समिती नेमली तिचा अध्यक्ष साहाच. त्या समितीने दाखवून दिलं की संक्रांत तेवीस दिवस चुकलेली आहे. दिवस मोठा व्हायला लागतो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण उत्तरायणाचा तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला. १९५७ च्या २२ मार्चपासून सरकारी दिनदर्शिका सुरू झाली. ती आकाशवाणीला आणि राजपत्राला ठाऊक आहे. गल्लीत अजून जुनंच पंचांग चालतं.

आणि रोहित वेमुला. २०१६ च्या १७ जानेवारीला तो गेला. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं, हे त्याने शेवटच्या चिठ्ठीत लिहून ठेवलं. त्याचे फोटो आपण पोस्टरवर छापतो, मोर्चात धरतो. पण त्याला जे बघायचं होतं ते आपल्यातल्या किती जणांनी बघितलं? कार्यकर्त्या मित्रा, हा प्रश्न तुला आहे. चोचले म्हणालास ना?

आता मोबाईलवाल्यांचीही हजामत करायला हवी. कारण मी फोनचा भाट नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एका माणसाने मजा केली. चंद्राचा एक फोटो घेतला, मुद्दाम पुसट केला, खड्डे-बिड्डे काही दिसणार नाहीत इतका. तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोनने झूम लावून त्याचा फोटो काढला. फोनने काय दिलं? खड्ड्यांसकट स्वच्छ चंद्र! पडद्यावर नव्हते ते खड्डे फोटोत आले. बोंब झाली तेव्हा कंपनीने सांगितलं की आमचा फोन चंद्र ओळखतो आणि शिकलेल्या ज्ञानाने तपशील सुधारतो. सुधारतो म्हणे!

म्हणजे फोनच्या पोटात चंद्र कसा असतो हे आधीच ठरलेलं. तू समोर काय धरलंस याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो तुला त्याच्याकडचं चित्र दाखवणार आणि वर म्हणणार, तूच काढलंस. हा धंदा आपल्या ओळखीचा नाही का? हजारो वर्षं आपल्याला हेच दाखवलं गेलं. डोळे तुझे, चित्र आमचं. म्हणून सांगतो, फोनमधला तो सीन सुधारणारा पर्याय बंद करून टाक. झूमचा चंद्र फोनचा असतो. दुर्बिणीने मोठा केलेला चंद्र काचेतून आलेला असतो. खात्री करायची तर आम्ही करतो ते कर. एका विवराच्या सावलीचा फोटो आज काढ, उद्या त्याच वेळी पुन्हा काढ. सावली बदललेली दिसली पाहिजे. बदलली तर चित्र खरं. फोटो अंधूक असला तरी चालेल, स्वतःचा पाहिजे.

ग्रहणाचंही सांगतो. ७ सप्टेंबर २०२५ ची रात्र. रात्री नऊ सत्तावन्नला चंद्राला पृथ्वीची सावली लागली, अकराला तो पूर्ण बुडाला, बारा बावीसपर्यंत बुडलेला राहिला. गच्चीवर आम्ही ढगांच्या फटीतून फोटो घेत होतो, दर दहा मिनिटांनी एक. तांबडा झाल्यावर चंद्र इतका मंद होतो की तोपर्यंत उतरवलेला उजेड आता पूर्ण वाढवावा लागतो. खाली घरांमध्ये काय चाललं होतं? भिंतीवर बाबासाहेब आणि भाकरीवर तुळशीचं पान. पाच महिन्यांची गरोदर बाई कोपऱ्यात पाय लांब करून बसलेली, सुरी धरायची नाही, कापायचं नाही, पाणी प्यायचं नाही. उकाड्यात पाणी नाही! हे आपल्या घरात, दोस्तांनो. वरच्या आळीचं मी बोलत नाही. चंद्रावर पडते ती पृथ्वीची सावली हे आर्यभटाने ४९९ साली लिहिलं. पुढे ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितीने त्याला झापलं, राहूला नाकारलं म्हणून. गणित एकाचं उचलायचं, भीती दुसऱ्याची विकायची. तोच माल दीड हजार वर्षं चालतोय.

त्या बाईच्या नवऱ्याच्या फोनवर आम्ही फोटो पाठवत राहिलो. सावलीची कड गोल आहे बघ. गोल, कारण पृथ्वी गोल. साडेअकराच्या पुढे ती स्वतः जिना चढून वर आली, सासूला न विचारता. पाणी प्याली आणि दुर्बिणीला डोळा लावला. फोटो का हवा म्हणून विचारलं होतंस ना, हे त्याचं एक उत्तर. दुर्बीण गच्चीवर असते, फोटो स्वयंपाकघरात जातो.

दुसरं उत्तर १४ एप्रिल २०२४ चं. जयंतीच्या संध्याकाळी चंद्र अर्ध्याला आलेला होता, दुसऱ्याच दिवशी बरोबर अर्धा व्हायचा. मंडपाच्या कडेला, स्पीकरच्या भिंतीपासून जरा लांब, दुर्बीण लावली. डीजेच्या ठोक्याने चंद्रसुद्धा थरथरत होता, खोटं नाही सांगत, नळी हलायची. रांग लागली. आता आयपीसला डोळा लावायचा म्हणजे उंची लागते, मान वाकवावी लागते, एक डोळा मिटता यावा लागतो. चार वर्षांचं पोर कसं बघणार? कुबड्या घेतलेला माणूस कसा वाकणार? मोबाईल लावला, स्क्रीनचा उजेड वाढवला आणि एकदम पंधरा माणसं बघायला लागली. थिऑफिलस दिसत होता, शंभर किलोमीटरचा, मधोमध डोंगर. एक आजी आल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. म्हणाल्या, "काय दावतो रं बाळा?" मी बोटांनी स्क्रीन मोठी केली. त्या म्हणाल्या, "ह्ये खड्डं? आमच्या रस्त्यावानी?" म्हटलं, "व्हय आजी. उल्का आदळून पडलेले. कोट्यवधी वर्षं झाली." त्या म्हणाल्या, "मंग तिथंबी नगरसेवक न्हाई वाटतं."

शुद्धतावादी म्हणतात की स्क्रीन मधे आली की अनुभव भ्रष्ट होतो, प्रकाश थेट डोळ्यात जायला हवा. ज्याचा डोळा शाबूत, पाठ सरळ आणि रांगेत पुढे, त्याने हे म्हणावं. आधी डोळ्याने बघ, हे मीही सांगतो. डोळ्याला ज्या छटा कळतात त्या फोनला कळत नाहीत, आणि फोन लावून दुसऱ्यांना दाखवता दाखवता आपणच बघायचं राहून जातं. पण भ्रष्ट हा शब्द माझ्यापुढे वापरू नका. त्या शब्दाचा वास आम्हाला दुरून येतो.

आमच्याकडे आता पंचवीसेक फोटो साठले आहेत. तारीख, वेळ, आयपीस किती मिलिमीटरचा आणि कुणी काढला, एवढं पाठीमागे लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलेत. त्यातले नऊ पोरींनी काढलेत. एक बघून एका मास्तरांनी विचारलं, इंटरनेटवरून घेतला का? म्हणून तर पाठीमागे लिहितो.

शुक्ल पक्षातल्या पंचमीपासून दशमीपर्यंत, पाऊस नसेल त्या दिवशी, आठनंतर आम्ही गच्चीवर असतो. कार्यकर्त्या मित्रा, तूही ये. पाण्याच्या मोर्चाची तारीख तिथेच ठरवू, सगळे एका जागी सापडतात. पीव्हीसीचे तुकडे आणून ठेवलेत, एम-सील आहे. प्रत्येक फोनला कव्हर वेगळं लागतं, तेवढं आपलं आपण आणायचं. जुनं असलं तरी चालेल.